मुंबई ते नागपूर: विमानाने की समृद्धीने? घरापासून घरापर्यंतचा हिशेब

नोकरीसाठी ठाण्यात आले त्या वर्षी पहिल्यांदा विमानाने नागपूरला, माहेरी निघाले होते. आईला फोनवर सांगितलं, "दीड तासाचं तर विमान आहे. सातला सुटतं, नऊला जेवायला घरी." तिने गोळाभात केला. गोळाभात गरमच खायचा असतो, वर तापलेलं तेल ओतून. विमान पाऊण तास उशिरा सुटलं, बॅग पट्ट्यावर यायला वेळ लागला, टॅक्सी मिळेना, आणि प्रतापनगरला दारात पाय ठेवला तेव्हा साडेदहा वाजले होते. ठाण्याच्या घरातून निघाले होते दुपारी पावणेचारला. दीड तासाचा प्रवास पावणेसात तासांचा झाला होता आणि गोळे थंडगार.

चूक विमानाची कमी होती, माझी जास्त. मी तिकिटावरचा वेळ सांगितला होता. घरी वाट बघणाऱ्याला तो वेळ काही कामाचा नसतो. त्यानंतर मी हा प्रवास विमानाने, गाडीने, रेल्वेने इतक्यांदा केला की आता ऑफिसात कुणी नवीन नागपूर-वर्ध्याकडचं आलं की पहिल्या दिवाळीआधी माझ्याकडे विचारायला येतं. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्याने हे वाचून स्वतःचा हिशेब स्वतः मांडावा, एवढीच इच्छा.

पहिली पायरी: अंतर कोणतं, ते ठरवा

"मुंबई-नागपूर किती किलोमीटर?" या प्रश्नाला चार उत्तरं आहेत आणि चारही बरोबर आहेत.

दोन्ही विमानतळांमध्ये नकाशावर सरळ रेघ ओढली तर साधारण ६८५ किलोमीटर भरतात. हे हवाई अंतर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. सीएसएमटीपासून नागपूर स्टेशनपर्यंत भुसावळमार्गे लोहमार्ग ८३७ किलोमीटरचा. आणि नाशिक, धुळे, अकोला, अमरावती असा जुना रस्ता धरलात तर सव्वाआठशेच्या वर जाता.

यातल्या ७०१ या आकड्यावर नवीन माणूस हमखास फसतो. समृद्धी मुंबईत सुरू होत नाही आणि नागपूरच्या सीताबर्डीवर संपतही नाही. तिचं मुंबईकडचं टोक आहे ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातलं आमणे. नागपूरकडचं टोक आहे हिंगणा तालुक्यातलं शिवमडका. अंधेरीहून आमण्यापर्यंत पन्नासेक किलोमीटर आणि शिवमडक्याहून शहरात वीसेक, हे धरलं की घर ते घर ७७० च्या आसपास जातं. त्यातले सुरुवातीचे पन्नासच जास्त त्रास देतात, त्याबद्दल पुढे.

नागपूरला झिरो माइलचा दगड बघितला असेल. त्यावर आसपासच्या गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. मुंबईत इंग्रजांच्या काळातले मैलाचे दगड फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजले होते. म्हणजे अंतर नेहमी एका ठरावीक जागेपासून दुसऱ्या ठरावीक जागेपर्यंतचं असतं. तुमच्यासाठी त्या दोन जागा म्हणजे तुमच्या इमारतीचं गेट आणि नागपुरातलं दार. मोजणी तिथूनच करायची.

दुसरी पायरी: विमानाचं घड्याळ मांडा

विमान ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास उडतं. मग ६८५ किलोमीटरला पन्नास-पंचावन्न मिनिटं पुरायला हवीत, तिकिटावर दीड तास का असतो? कारण तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा असतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच खरा उपयोग होतो, आणि त्या एकीवर दिवसभर रांग. उड्डाणाआधी विमान त्या रांगेत उभं राहतं. चढायला आणि उतरायला लागणारा वेळ वेगळा. हे सगळं धरून कंपन्या दीड तास लिहितात. कधीकधी उशिरा सुटलेलं विमानही वेळेवर पोचतं ते याचमुळे.

आता खरा हिशेब. कागद घ्या आणि पाच ओळी लिहा.

घर ते विमानतळ. घोडबंदर रोडहून सहारच्या टर्मिनल दोनला सकाळी पाचला पाऊण तास, संध्याकाळी पाचला दीड तासही. दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांना आता मेट्रो तीन आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण धावते आणि दोन्ही टर्मिनलांना स्टेशन आहे. सामान कमी असेल तर टॅक्सीपेक्षा मी तिलाच पसंती देईन, कारण तिचा वेळ बदलत नाही.

विमानतळावर. सामान द्यायचं असेल तर सुटण्याच्या दोन तास आधी. चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतात, बोर्डिंग गेट पंचवीस मिनिटं आधी. नवख्याला हा दुसरा आकडा माहीत नसतो. सातचं विमान म्हणजे सहा पस्तीसला गेट बंद. सहा चाळीसला धापा टाकत पोचलेल्याला समोर विमान दिसतं, पण बसता येत नाही. मी एका बाबांना असं काचेपलीकडे बघत उभं राहिलेलं पाहिलं आहे, हातात संत्रा बर्फीची पिशवी घेऊन.

हवेतला दीड तास.

उतरल्यावर. फक्त हातातली बॅग असेल तर पंधरा मिनिटांत बाहेर. सामान दिलं असेल तर पस्तीस-चाळीस.

विमानतळ ते घर. इथे नागपूर फार उदार आहे. सोनेगावचं विमानतळ शहराला लागूनच, वर्धा रोडवर. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला, धंतोली कुठेही वीस ते तीस मिनिटांत पोचता. मेट्रोच्या ऑरेंज लाइनला एअरपोर्ट नावाचं स्टेशन आहे, पण ते टर्मिनलच्या दारात नाही, वर्धा रोडवर आहे. तिथवर रिक्षा करावी लागते. सीताबर्डीला गाडी बदलली की ॲक्वा लाइनने लोकमान्य नगर किंवा प्रजापती नगरकडे जाता येतं.

बेरीज करा. सामान देऊन, ठाण्याहून: सव्वा तास, दोन तास, दीड तास, पस्तीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. पावणेसहा तास. घरूनच वेब चेक-इन करून, सात किलोची एकच बॅग घेऊन, पहाटेच्या विमानाने: साडेचार तास. म्हणजे एका बॅगेचा फरक सव्वा तासाचा आहे.

तिकीट काढताना दोन गोष्टी नीट बघा. पहिली, विमानतळ कोणता. नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन डिसेंबरपासून सुरू झाला, त्यामुळे "मुंबई" असा शोध घेतला की दोन्हीकडची विमानं यादीत येऊ शकतात. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय, नागपूरचा एनएजी. पनवेल, खारघर, वाशीकरांना नवी मुंबई सोयीची. बोरिवलीकराने दोनशे रुपये वाचवायला एनएमआय घेतला तर ते टॅक्सीत कितीतरी पटीने जातील. दुसरी, टर्मिनल. जुन्या विमानतळाचं टर्मिनल एक विलेपार्ल्याच्या बाजूला आणि टर्मिनल दोन सहारला आहे. एका टर्मिनलहून दुसऱ्याला जायला रस्त्याने वळसा घालावा लागतो. तिकिटावर टी१ आहे की टी२, ते टॅक्सी मागवण्याआधी वाचा.

आणि शक्य असेल तर दिवसातलं पहिलं विमान घ्या. एकच विमान दिवसभर चार-पाच शहरं फिरतं. सकाळी दिल्लीला धुक्यात अडकलं की संध्याकाळी नागपूरच्या प्रवाशाला उशीर होतो, नागपूरच्या आकाशात एकही ढग नसताना. पहाटेचं विमान बहुधा रात्रीपासूनच तिथे उभं असतं. पावसाळ्यात मुंबईत उतरताना विमानं घिरट्या घालतात, तेव्हा परतीच्या प्रवासात एक तास जास्तीचा हाताशी ठेवा. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना विमान किंचित लवकर पोचतं आणि येताना त्याच वाऱ्याला छेदत येतं. फरक काही मिनिटांचाच.

सामानाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे पिशव्या रिकाम्या जात नाहीत. आईने दिलेलं लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. चांगलं बंद करून चेक-इनच्या बॅगेत टाका. सुकं खोबरं मात्र नेऊच नका. त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून त्याला मनाई आहे. पॉवर बँक उलट, ती हातातल्या बॅगेतच हवी. संत्रा बर्फी कशीही न्या.

तिसरी पायरी: रस्त्याचं घड्याळ मांडा

समृद्धी टप्प्याटप्प्याने उघडली. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ मध्ये, शिर्डी ते भरवीर ८० किलोमीटर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी २५ किलोमीटर मार्च २०२४ मध्ये, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. त्याआधी कसाऱ्याचा घाट ट्रकांच्या मागे-मागे चढावा लागायचा. आता इगतपुरीच्या जोडबोगद्यातून, सुमारे आठ किलोमीटर, सात-आठ मिनिटांत सह्याद्री ओलांडता येतो. ज्यांनी चौदा-पंधरा तासांचा जुना प्रवास केला आहे त्यांनाच या आठ मिनिटांची किंमत कळेल. पहिल्यांदा बोगद्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या वडिलांनी "झाला घाट?" असं दोनदा विचारलं होतं.

मोटारींना मैदानी भागात ताशी १२० ची मर्यादा आहे, घाटात १००. इथे नवखा माणूस ७०१ ला १२० ने भागतो आणि म्हणतो, पाच तास पन्नास मिनिटं. असं होत नाही. सरासरी १२० ठेवायला बराच वेळ १२० च्या वर चालवावं लागेल, आणि ते बेकायदा तर आहेच, शिवाय धोक्याचं आहे. मी सरासरी १०० धरते. म्हणजे सात तास. त्यात थांबे सव्वा तास. घरापासून आमण्यापर्यंत पहाटे पाऊण तास. शिवमडक्याहून घरापर्यंत पस्तीस मिनिटं. एकूण नऊ तास पस्तीस मिनिटं. लहान मुलं किंवा वयस्क सोबत असतील तर साडेदहा ते अकरा धरा आणि निवांत जा.

म्हणजे विमानापेक्षा चार-पाच तास जास्त. ऐकायला खूप वाटतं, पण चार जणांचं कुटुंब, दिवाळीचं सामान आणि नागपुरात फिरायला हाताशी गाडी, हे जमेला धरलं की तराजू हलतो.

आता ते सुरुवातीचे पन्नास किलोमीटर. माजिवड्यापासून वडप्यापर्यंत मुंबई-नाशिक महामार्गाचा जो चोवीसेक किलोमीटरचा तुकडा आहे, तो या प्रवासातला सगळ्यात बेभरवशाचा. साकेत, खारेगाव, मानकोली, रांजणोली. भिवंडीच्या गोदामांचे ट्रक सगळे इथेच येतात. पहाटे साडेचार-पाचला तो पंचवीस-तीस मिनिटांत संपतो. सकाळी दहाला तोच तुकडा दीड तास खाऊ शकतो. पुढे सातशे किलोमीटर कितीही चांगले गेले तरी तो दीड तास भरून निघत नाही, आणि भरून काढायच्या नादात माणूस वेग वाढवतो. म्हणून पहाटे निघायचं.

येताना हिशेब उलटा. नागपूरहून सकाळी दहाला निघालात तर संध्याकाळी सहा-सातला भिवंडीच्या गर्दीत येऊन पडता, आणि तो रविवार असेल तर विचारूच नका. पहाटे पाचला निघा, दुपारी दीडच्या सुमारास आमणे.

चौथी पायरी: गाडी आणि स्वतः, दोन्ही तपासा

या पायरीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याबाबतीत मला काळजी वाटते.

समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षांना परवानगी नाही. मोटारीने जाताना पहिली गोष्ट टायर. काँक्रीटच्या रस्त्यावर, विदर्भाच्या एप्रिल-मेच्या उन्हात, तासन्‌तास एकाच वेगाने चाललेलं टायर प्रचंड तापतं. शहरात चार वर्षं बिनतक्रार चाललेलं टायर इथे फुटू शकतं. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. खाली वाकून, मोबाइलचा दिवा लावून बघा. २३२१ असेल तर ते २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही शाबूत दिसू दे, या प्रवासाआधी टायरवाल्याला दाखवा. बाजूच्या भिंतीवर बारीक तडे असतील तर निघूच नका. हवा थंड टायरमध्ये, म्हणजे सकाळी निघण्याआधी तपासायची. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. नायट्रोजन भरलात तर चांगलंच, पण दाब बरोबर असणं त्याहून महत्त्वाचं. स्टेपनीची हवा बघायला सगळे विसरतात.

दुसरी गोष्ट तुम्ही स्वतः. रस्ता सरळ, रुंद, दोन्ही बाजूंना कुंपण, समोर गाव नाही, सिग्नल नाही. अशा रस्त्यावर डोळे उघडे राहतात आणि मन झोपतं. याला रस्त्याचं संमोहन म्हणतात. मला ते जाणवलं ते असं: मेहकरची पाटी गेल्याचं आठवत होतं, त्यानंतर एकदम मालेगाव जहांगीरची पाटी दिसली, आणि मधला रस्ता आठवेचना. झोप लागली नव्हती. हात स्टिअरिंगवर होते. तरी मधली वीस-पंचवीस मिनिटं कोरी. पुढच्या थांब्याला गाडी उभी केली, तेव्हा तळवे गार पडले होते. त्या दिवसापासून नियम केला: दर दोन तासांनी थांबायचंच, थकवा नसला तरी. खाली उतरायचं, तोंडावर पाणी मारायचं, दहा मिनिटं चालायचं. शेजारी बसलेल्याने झोपायचं नाही, बोलत राहायचं.

आणि रात्री नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी गेले. सगळे नागपूरकडून पुण्याकडे निघालेले, आपल्यासारखेच. नवख्या ड्रायव्हरने हा रस्ता अंधारात पहिल्यांदा करू नये, असं मी कुणालाही हात जोडून सांगेन.

तिसरी गोष्ट सूर्य, जी कुणी सांगत नाही. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून जास्त आहे, त्यामुळे तिथे सूर्य साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. तुम्ही पहाटे निघून पूर्वेकडे जात असता, तेव्हा इगतपुरी-सिन्नरच्या सुमाराला सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि तासभर तिथेच राहतो. येताना दुपारी चारनंतर तोच समोर. काच आतूनही पुसून निघा आणि गॉगल डॅशबोर्डवर ठेवा, बॅगेत नको. नागपूरला पाच वाजेपर्यंत पोचायचं ठरवलं असेल तर डिसेंबरमध्ये तिथे अंधार लवकर होतो, हेही लक्षात असू द्या.

पाचवी पायरी: थांबे आधीच ठरवा

महामार्गावर कुठेही थांबता येत नाही आणि थांबूही नये. जुन्या रस्त्यासारखी दर दहा मिनिटांनी चहाची टपरी इथे नाही. पंप आणि खाण्याच्या सोयी आहेत, पण अंतराअंतराने. टाकी आमण्याआधीच भरा आणि अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. पाणी, चिवडा, पोळीची गुंडाळी, थर्मासात चहा घरूनच.

आमण्याहून शिर्डीचा फाटा साधारण १८० किलोमीटरवर आहे. पाचला निघालात तर तिथे आठच्या आत, नाश्त्याची वेळ. पुढे वैजापूर, छत्रपती संभाजीनगर, आणि निम्म्या वाटेवर जालना. जेवणासाठी जालन्याला उतरा. खरंच उतरा, म्हणजे इंटरचेंजवरून बाहेर पडून गावात जा. टोल अंतरानुसार, बाहेर पडताना फास्टॅगमधून कापला जातो, त्यामुळे बाहेर पडून परत चढल्याने फार मोठा भुर्दंड बसत नाही. त्यापुढे सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव, कारंजा लाड, धामणगाव, वर्धा आणि मग शिवमडका. कारंज्याला तिसरा थांबा. विदर्भात शिरल्यावर माणसाला घरी पोचल्यासारखं वाटायला लागतं आणि नेमकं तेव्हाच लक्ष सुटतं. बराच रस्ता अजून बाकी असतो.

बोगद्यात हेडलाइट लावायचे, लेन बदलायची नाही, आणि मोबाइलचा नकाशा तिथे थांबला तर घाबरायचं नाही. गाडी बंद पडली तर डावीकडे घ्या, माणसं कठड्यापलीकडे उभी करा, गाडीत बसून राहू नका. अपघातात ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

सहावी पायरी: पैसे

समृद्धीचा टोल १ एप्रिल २०२५ पासून मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे आहे, पूर्ण ७०१ किलोमीटरला १,४४५ रुपये. हे दर ३१ मार्च २०२८ पर्यंतचे. मुंबईच्या वेशीवरचे मुलुंड, ऐरोलीसारखे पाच नाके मोटारींना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहेत. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर ७७० किलोमीटरला ५१-५२ लिटर लागतं. म्हणजे शंभराच्या वरच्या भावाने पाच हजारांच्या पुढे. टोल मिळवून एका बाजूचे सात हजारांच्या आसपास. गाडीत चार जण असोत की एकटे तुम्ही, खर्च तेवढाच.

विमानाचं तिकीट रोज बदलतं. समजा एकाचं पाच हजार पडलं. एकट्याला विमानच स्वस्त, दोघांना थोडं जास्त, चौघांना गाडीच्या तिप्पट. दिवाळीच्या आठवड्यात तर हे गणित आणखीच गाडीच्या बाजूने झुकतं. एकट्याने फक्त पैसे वाचवायला साडेनऊ तास गाडी चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे वाचत नाहीत आणि माणूस दमतो.

एकट्याला स्वस्तात जायचं तर रात्रीची रेल्वे आहेच. विदर्भ एक्सप्रेस, सेवाग्राम, दुरांतो. झोपून जाता, सकाळी नागपूर. फक्त दुरांतोचं एक लक्षात ठेवा: ती सीएसएमटीहून मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारचं काढलंत, तर गाडी गुरुवारी रात्रीच निघून गेलेली असते. ही चूक माझ्या दोन मैत्रिणींनी केली आहे.

मग कशाने जायचं?

दोन दिवसांसाठी, एकटे किंवा दोघं: विमान, पहाटेचं, हातातली एकच बॅग. चार दिवसांहून जास्त, कुटुंब, दोन जण गाडी चालवणारे: समृद्धी, पहाटे पाच. गाडी चालवणारा एकच असेल तर शिर्डी किंवा संभाजीनगरला रात्रीचा मुक्काम करा, नाहीतर विमान. पाठीचं दुखणं किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेलं माणूस सोबत असेल तर पैशाचा विचार न करता विमान, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. घरून अचानक वाईट बातमी आली असेल तर गाडीची किल्ली हातात घेऊच नका. त्या मनःस्थितीत सातशे किलोमीटर चालवायचे नसतात. मिळेल त्या विमानाने जा, नाहीतर गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

शेवटचं काम निघण्याआधीच्या रात्रीचं. घरी फोन करा आणि एक वेळ सांगण्याऐवजी दोन सांगा: "लवकरात लवकर साडेतीन, उशिरात उशिरा सहा." सहानंतर काळजी करायची, त्याआधी नाही, हेही सांगा. गाडीने जात असाल तर शिर्डी, जालना, कारंजा या तीन थांब्यांवरून फोन करायचं ठरवा आणि गाडी चालू असताना त्यांनी फोन करायचा नाही, असंही.

माझी आई आता विमानाची वेळ विचारतच नाही. विमानतळातून बाहेर आले, वर्धा रोडला लागले की मी फोन करते, "निघाले." मग ती उठून कढल्यात तेल तापायला ठेवते.